पाच ठिकाणचं पाणी

आषाढ लागला, की बाजारातून घरी येताना मी तेलघाणीचा रस्ता सोडतो आणि मागच्या गल्लीनं येतो. त्यात एकशे चाळीस पावलं जास्त पडतात. मोहाच्या टोऱ्यांचं, म्हणजे बियांचं, तेल निघालं, की घाणीसमोर उरलेल्या ढेपेचा, म्हणजे पेंडेचा, ढीग लागतो आणि हवेतल्या ओलीनं त्याला वास सुटतो. कडवट, आंबूस, घशाच्या मागच्या अंगाला चिकटून बसणारा. साकोलीत त्या वासाचं कोणाला काही वाटत नाही. मला मात्र तो आला, की कानाच्या पाळ्या गरम होतात. चाळिशी ओलांडलेल्या, दोन मुलींच्या बापाचे कान भर बाजारात लाल व्हावेत हे बरं दिसत नाही, म्हणून मागची गल्ली.

कुसुम, माझी बायको, दरवर्षी विचारते, “तिकडून काहून येता जी? सरळ रस्ता काय कोनं खोदून ठेवला?”

मी सांगतो, गल्लीत चिखल कमी असतो. ते खोटं आहे. गल्लीत चिखल जास्त असतो.

मी नेमका माणूस आहे असं लोक म्हणतात. आमच्या अंगणात भिंतीलगत एक डबा ठेवलेला आहे. पाऊस पडला की रोज सकाळी आठ वाजता मी त्यात पट्टी बुडवून पाणी मोजतो आणि वहीत लिहितो. भात शिजला का हे पाहायला एक शीत पुरतं म्हणतात. मी पातेल्याच्या चार बाजूंची आणि मधली अशी पाच शितं दाबून पाहतो. मुली हसतात. कुसुम म्हणते, “हा मानूस अस्साच हाय, जन्मापासून.” तिला तसं वाटणं साहजिक आहे. लग्नाआधी तिनं मला एकदाच पाहिलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी.

पंधरा वर्षं झाली त्याला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि सरकारी मत्स्यबीजाच्या कामावर नवा लागलो होतो. आमचा भंडारा जिल्हा तळ्यांचा. गाव तिथं तळं, तळं तिथं मासे धरणाऱ्या ढिवरांची दहा-वीस घरं आणि बहुतेक ठिकाणी त्यांची एक सोसायटी. लाखांदूरच्या रस्त्यावरच्या एका गावात अशा सव्वीस घरांच्या सोसायटीचं काम माझ्याकडे होतं. मोठ्या तळ्यात मासा सोडायचा, तर आधी त्याचं बीज लहान खड्ड्यात वाढवावं लागतं. त्या खड्ड्याला सगळे नर्सरी म्हणत. लांबी तीस पावलं, रुंदी वीस, पाणी छातीपर्यंत. रोहूचं, कतल्याचं बीज कलकत्त्याहून रेल्वेनं यायचं, पत्र्याच्या डब्यांत ठेवलेल्या प्लास्टिकच्या फुगीर पिशव्यांतून. एका पिशवीत हजारो जीव, आणि पाहिलं तर नुसतं पाणीच हलल्यासारखं. एवढ्या बारीक बीजाला जिरे म्हणतात. पंधरा दिवसांत त्याचं नखाएवढं पिल्लू होतं. मग बोटाएवढी बोटुकली. मग मासा.

पण बीज पाण्यात टाकलं म्हणजे वाढतं असं नाही. त्याच्या पोटाला जन्मतः एक शिदोरी बांधलेली असते. ती संपली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला तोंड फुटतं, टाचणीच्या टोकाएवढं. त्या तोंडात मावेल असं काही त्याच दिवशी, तिथंच, समोर असावं लागतं. जिरे पोहत जाऊन अन्न शोधत नाहीत. अन्नानंच त्यांच्यावर येऊन आदळावं एवढं ते दाट असावं लागतं.

ते अन्न म्हणजे पाण्यातले बारीक प्राणी. पुस्तकात त्यांना प्राणिप्लवक म्हणतात, ढिवर नुसतं ‘किडा’ म्हणत. नर्सरीत आधी मोहाची ढेप भिजवून टाकायची, म्हणजे आधीपासूनचे मरळ, मांगूर असले बीज खाणारे मासे मरतात. ढेपेचा जोर उतरला, की शेण टाकायचं. शेणानं पाणी हिरवं होतं, हिरव्यावर किडा धरतो. आणि किडा पुरेसा धरला, की तार करून बीज मागवायचं.

पुरेसा म्हणजे किती, हे ठरवणं माझं काम. रेशमी कापडाची नरसाळ्यासारखी जाळी असे, तिच्या टोकाला काचेची नळी. नर्सरीच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून दहा-दहा लिटर, असं पन्नास लिटर पाणी त्या जाळीतून ओतायचं. नळीत चिमूटभर मीठ टाकायचं. अर्ध्या तासात किडा तळाशी बसतो. नळीवरच्या रेघा मोजायच्या. दीडच्या वर आकडा आला, की पाणी तयार.

हे मी समुद्रावर शिकलो होतो. भंडाऱ्याच्या माणसाला समुद्राशी काय करायचं, असं माझ्या वडिलांनीही विचारलं होतं. पण नोकरी लागल्यावर सहा महिने आम्हाला पश्चिम किनाऱ्यावर, पार खाली दक्षिणेला, प्रशिक्षणासाठी पाठवलं. पावसाळ्यात तिथला वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी आत समुद्राकडे लोटतो, आणि त्या रिकाम्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. तळाला वर्षानुवर्षं जे कुजून बसलेलं असतं, ते खत घेऊन येतं. आठ दिवसांत समुद्राचा रंग बदलतो. आधी वनस्पती, मग त्यांच्यावर तुटून पडणारे प्राणी. मी मनात म्हटलं होतं, इथं बैलगाडीशिवाय शेण टाकून होतंय.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतो. पिसवेएवढा एक जीव, अंगाचं कातडं काचेसारखं, आत हृदय धडधडताना दिसत होतं. मी मोजायला लागलो. आमचे शिक्षक मागं उभे राहून हसले आणि काचपट्टीखाली त्यांनी बर्फाचा खडा धरला. हृदय हळू झालं. बर्फ काढला, पुन्हा भरभर. दुसरा एक जीव होता, लांबट, दोन लांब मिशांचा. त्याचं अंड्यातून निघालेलं पिल्लू आईसारखं मुळीच नसतं. एक डोळा, पायांच्या तीन जोड्या, बस. कात टाकत टाकत ते सहा रूपं घेतं. मग एकदम वेगळं होतं आणि आणखी सहा. बारावं रूप म्हणजे मोठा प्राणी. तळाचं पाणी वर आलं, की काही वेळा त्यात श्वासाला प्राणवायू पुरत नाही. तेव्हा हे वरच्या पातळ थरात दाटी करून राहतात. आणि वाईट दिवस आले, की यांच्यातले काही अंगात तेलाचा थेंब साठवून खोल जातात आणि न खाता, न वाढता पडून राहतात. आमच्या तळ्यातले अंडी टाकतात, कडक कवचाची. तळं आटतं, चिखलाला भेगा पडतात, त्यावरून बैलगाड्या जातात, आणि पाणी आलं की त्या अंड्यांतून जीव निघतात, जणू मध्ये काही झालंच नाही.

शिक्षक एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. हे जीव पाण्यात साखरेसारखे विरघळलेले नसतात. ढगासारखे असतात, इथं दाट, तिथं काही नाही. वारा ज्या अंगाला वाहतो त्या अंगाला गोळा होतात. म्हणून एका ठिकाणचं पाणी घेऊन समुद्राबद्दल बोलायचं नाही. आम्हाला होडीतून न्यायचे आणि पाच ठिकाणी जाळी टाकायला लावायचे. मी जन्मात होडीत बसलेलो नव्हतो. पोटातलं सकाळचं, आदल्या रात्रीचं सगळं समुद्राला दिलं, पण पाचवं ठिकाण सोडलं नाही.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

नर्सरीची राखण आणि खत सायत्राबाईकडे होतं. पंचेचाळिशीची, काटक, नवरा गेलेला. गावचे लोक तिला सायत्रे म्हणत, मी सायत्राबाई म्हणायचो, ती मला साहेब. मी दोन वेळा सांगितलं की मी साहेब नाही, साधा मोजणीवाला आहे. ती म्हणाली, “पॅंट घालते थो साहेबच.”

तिची पाणी पाहायची रीत वेगळी होती. लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरायची आणि हात कोपरापर्यंत सरळ खाली बुडवायची. तळव्याकडे पाहायची. तळवा दिसला तर पाणी कच्चं. कोपर बुडल्यावर तळवा दिसेनासा झाला, तर पाणी पिकलं. चारी बाजूंनी अशी फिरायची. मधे जायची तेव्हा पाणी गळ्याशी यायचं, तरी जायची.

“पंजा दिसून राहिला साहेब,” त्या दिवशी सकाळी ती म्हणाली. “अजून कच्चं हाय. आठ दिवस थांबा.”

मी म्हणालो, “पाहू ना. नळी सांगेल.”

“तुमची नळी सांगते थेच माहा हात सांगते. मधी अंतर नाही पडलं कधी.”

ती शेणाची टोपली घेऊन गावात गेली. अकरा वाजले होते. एकच्या बसनं मला साकोलीला जायचं होतं. चार वाजता मुलगी पाहायची होती. मामांनी निरोप दिला होता की वेळेवर ये, त्यांच्या घरी हातमाग आहे, वेळेची माणसं आहेत. मी त्यासाठी नवी टेरिकॉटची पॅंट शिवली होती. करडी. शिंप्याकडून आदल्या दिवशी आणली होती आणि बदलायला गावात जागा नाही म्हणून अंगावरच घालून आलो होतो. पायांत नवे बूट.

नर्सरीचा काठ नव्यानं खोदलेला, काळ्या चिकण मातीचा. पाय ठेवला की घोट्यापर्यंत जायचा. फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात बायकांनी धुण्यासाठी एक सपाट दगड टाकलेला होता. मी त्या दगडावर उभा राहिलो. वारा पश्चिमेचा होता, आषाढातला, सारखा. पाण्यावरचा सगळा फेस, पानं, काड्या त्याच कोपऱ्यात येऊन साचल्या होत्या. मी बादली बुडवली. दहा लिटर. मग पुन्हा तिथंच. मग पुन्हा. पाच वेळा. पन्नास लिटर बरोबर भरलं.

नळीत एक पूर्णांक आठ आलं. मी तीनदा पाहिलं, डोळा नळीच्या पातळीला आणून, जसं शिकवलं होतं तसं. आकडा खरा होता. फक्त तो त्या नर्सरीचा नव्हता, त्या कोपऱ्याचा होता.

छापील कागदावर एक रकाना असे: पाणी घेतलेली ठिकाणे. तिथं मी पाच लिहिलं. लिहिताना हात थांबला होता का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. थांबला नव्हता.

सोसायटीचे अध्यक्ष फकीराजी रस्त्यावरच भेटले. मी कागद दाखवला. ते म्हणाले, “सायत्रा त म्हनते कच्चं हाय.”

मी म्हणालो, “एक पूर्णांक आठ आहे, फकीराजी.”

“मंग करतो तार,” ते म्हणाले. आकड्यापुढं त्यांनी मान अशी लववली, की मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

चार वाजता साकोलीत कुसुम पोह्यांची बशी घेऊन आली. तिनं माझ्या पॅंटकडे पाहिलं असं ती अजून सांगते. म्हणते, “येवड्या चिखलपान्याच्या दिवसात खेड्यातून आलेला मानूस अन् पॅंटीले एक डाग नाही. मले वाटलं, किती नीटनेटका हाय.”

तिसऱ्या दिवशी बीज आलं. सकाळच्या थंड वेळी फकीराजींनी पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होऊ दिलं आणि हलकेच तोंड उघडलं. सव्वीस घरची माणसं काठावर उभी. एका म्हातारीनं हळद-कुंकू टाकलं. कोणी जोरात बोलत नव्हतं. लाखभर जीव आमच्या पायांशी पाण्यात गेले आणि पाणी होतं तसंच दिसत राहिलं.

मेलेलं बीज दिसत नाही. मोठा मासा मेला तर तरंगतो, वास येतो, कावळे येतात. हे नुसतं नसतं होतं. पंधराव्या दिवशी मच्छरदाणीसारखं बारीक जाळं ओढलं. निदान तीस हजार पिल्लं निघतील अशी अपेक्षा असते, तेव्हा ती वाटीनं मोजतात. त्या दिवशी वाटी लागली नाही. मी एकेक मोजलं. चारशे बारा.

सायत्राबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्याकडे पाहून फकीराजी म्हणाले, “बाकीचे कुठं गेले वो बाई?”

“मले काय मालूम? मी काय खाल्ले?”

चार दिवसांनी वरचे अधिकारी आले. छत्री धरून काठावर उभे राहिले. सोसायटीचे लोक उकिडवे बसले होते. पाऊस नव्हता, पण ढेपेचा ढीग जवळच होता आणि ओल्या हवेत त्याचा वास कोंडला होता. अधिकाऱ्यांनी माझा कागद पाहिला.

“बीज टाकायच्या आधी एक पूर्णांक आठ?”

“हो साहेब.”

“पाची ठिकाणचं पाणी घेतलं होतं ना?”

इथं खरं सांगायला जागा होती. एवढी मोठी जागा, की तिच्यात बैलगाडी वळली असती. त्यांनी मुद्दाम थांबून माझ्याकडे पाहिलं होतं. नोकरीला सव्वा वर्ष झालं होतं. कायम व्हायचा होतो. साकोलीहून होकार आला होता.

मी म्हणालो, “हो साहेब.”

“म्हणजे बीज टाकलं तेव्हा पाणी चांगलं होतं. नंतर अन्न तुटलं. नंतर रोज खत कोण टाकत होतं?”

सगळ्या माना एकदम वळल्या.

“रोज एक टोपलं टाकलं साहेब,” सायत्राबाई म्हणाली. “मोजून. एक दिवस चुकला नाही.”

“तुझ्या घराच्या भिंतीवर गोवऱ्या लागल्यात त्या कोणत्या शेणाच्या?”

“माह्या म्हशीच्या.”

मागून कोणीतरी म्हणालं, “म्हस एक अन् गोवऱ्या शंभर! काय म्हस हाय बापा!”

लोक हसले. भीतीनं आणि नुकसानीनं दडपलेली माणसं हसायला मिळालं की जास्तच हसतात. सायत्राबाई हसणाऱ्यांकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. मी नळी पुसत होतो. नळी कोरडीच होती.

नर्सरी तिच्याकडून काढून फकीराजींच्या पुतण्याला दिली. दुसरं बीज त्या हंगामात मिळालं नाही. माघात मोठ्या तळ्यात जाळी पडली, तेव्हा चिंगूर, म्हणजे बारीक झिंगे, आणि काडीएवढी मासळी निघाली. सव्वीस घरांनी ते वर्ष कसं काढलं मला माहीत नाही, कारण मी चैत्रात बदली मागून घेतली. मग ते खातंच सोडलं आणि साकोलीत दुसरी नोकरी धरली. तिथंही मोजणीचंच काम. माझ्या कागदावर आजवर कोणी लाल रेघ ओढलेली नाही. वरिष्ठ नव्यांना सांगतात, आकडा कसा लिहावा ते यांच्याकडून शिका.

पंधरा वर्षांत मी त्या गावावरून अकरा वेळा गेलो आहे. एस.टी. तिथं थांबते. खिडकीतून तळ्याची पाळ दिसते. एकदाही मी उतरलो नाही. भाताचे पऱ्हे उपटणाऱ्या बायका वाकलेल्या दिसल्या, की त्यांच्यात ती असेल का म्हणून डोळे तिकडे जात, आणि बस हलली की पाठ सीटला टेकत असे.

या वर्षी काय वेगळं झालं, सांगायला लाज वाटते इतकं ते किरकोळ आहे. धाकटी शाळेसाठी बाटलीत तळ्याचं पाणी घेऊन आली. भिंगातून पाहून ओरडली, “बाबा, हे काय उड्या मारून राहिलं?” मी पाहिलं. तोच, काचेच्या अंगाचा, आत हृदय धडधडणारा. मी तिला बारा रूपांचं सांगितलं, कडक अंड्यांचं सांगितलं. तिनं विचारलं, “आपल्या तळ्यात असे किती आहेत?” मी म्हणालो, असं बाटलीवरून सांगता येत नाही, पाच ठिकाणचं पाणी घ्यावं लागतं. आणि भिंग खाली ठेवलं.

मुली झोपायला गेल्यावर कुसुमला सगळं सांगितलं. पॅंटपासून. शेवटी ती म्हणाली, “म्हंजे पॅंटीले डाग नोहता, थो ह्याच्यानं नोहता.”

“हो.”

तिनं हातातल्या बांगड्या मागं सारल्या. मग म्हणाली, “मले काहून सांगता? तिले सांगा.”

रविवारी मी त्या गावाला उतरलो. स्टँडवर पानठेला आहे. मी सायत्राबाईचं घर विचारलं. पानवाला तिशीचा असेल, नर्सरीच्या वेळी तो शाळेत असेल.

“कोनती सायत्रा?” तो म्हणाला. “शेनवाली काय?”

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. नाव सांगावं तसं त्यानं सांगितलं.

ती अंगणात चुलीवर वाळूत फुटाणे भाजत होती. साठीची झाली आहे. एक डोळा पांढरा पडला आहे. ढिवरांच्या बायका फुटाणे विकतात, पण तळ्याच्या बाईनं पाण्याकडे पाठ करून विस्तवापुढं बसलेलं पाहून मला कसंतरी झालं. मी नाव सांगितलं. तिनं झारा हलवणं थांबवलं नाही.

“नळीवाले साहेब,” ती म्हणाली. “बसा.”

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर आधी पाऊसपाण्याचं बोललो असतो. पाणी पाच ठिकाणचं नव्हतं. एकाच कोपऱ्याचं होतं, दगडावरून घेतलं होतं. तुम्ही बरोबर होतात, पाणी कच्चं होतं. बीज उपाशी मेलं. तुम्ही शेण चोरलं नाही हे मला तेव्हाच माहीत होतं.

ती म्हणाली, “मलेही मालूम होतं.”

“काय?”

“तुम्ही गेल्यावर मी आली ना टोपलं घेऊन. चारी कोपऱ्यांत पाय पाह्यले. बगळ्याचे होते, बकरीचे होते. तुमचे नोहते. निस्ता दगड ओला होता.”

चुलीतलं लाकूड तिनं पुढं सारलं. मी विचारलं, “मग तेव्हा बोलल्या का नाहीत?”

“बोलली ना. फकीराजीले बोलली, त्याच संध्याकाळी, तार जायाच्या आधी. थो म्हने, कागदावर पाच लिवलं हाय बाई. साहेबाचं लिवलेलं खोटं अन् तुहे पाय खरे काय?” तिनं वाळूत झारा फिरवला. “तुमाले इचारलं नाही त्यानं?”

“नाही.”

“नाही इचारन थो. तुमचा मान ठेवला त्यानं.”

म्हणजे पंधरा वर्षं मी जे मोजत आलो, तेही चुकलं होतं. मला वाटत होतं, मी एकदा खोटं बोललो, अधिकाऱ्यांसमोर, आणि तिच्याजवळ उत्तर नव्हतं. तिच्याजवळ उत्तर होतं. तिनं चार कोपरे फिरून, चिखलात उतरून, मी करायला हवी होती तशी पाहणी केली होती आणि जिथं सांगायची तिथं सांगितली होती. लाख जीव पिशवीत भरायच्या आधी. माझ्या एका आकड्यानं ती खोटी ठरवली.

मी हात जोडले. ती म्हणाली, “हात नोका जोडू. लोकं पाहतीन, म्हनतीन आता साहेबाचं काय चोरलं हिनं.” आणि हसली. मी हात खाली घेतले.

“काय करू मी?” मी विचारलं.

“लिवून द्या,” ती म्हणाली. “लिवल्यानं गेलं थे लिवल्यानंच यील. माह्या तोंडानं येत असतं त कवाचं आलं असतं.”

पिशवीत पावसाची वही होती. तिचं मागचं पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. त्या वर्षी नर्सरीचे पाणी मी पाच ठिकाणचे घेतले नव्हते. घेतलेली ठिकाणे: १. पाणी तयार नाही असे सायत्राबाईंनी मला आधी सांगितले होते. बीज माझ्या खोट्या नोंदीमुळे मेले. खत पूर्ण टाकले होते. शेणाची चोरी झालेली नाही. खाली सही केली, पूर्ण नाव, गाव.

तिला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, “परवा सोसायटीची सभा हाय. तेथं वाचान काय? उभं राहून?”

“वाचीन.”

“सव्वीसचे चाळीस घरं झाले आता.”

“वाचीन.”

तिनं हात पदराला पुसले आणि कागद घेतला. उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. चांगल्या डोळ्याजवळ नेऊन ती बराच वेळ पाहत राहिली.

“यातला एक कोनता?”

‘घेतलेली ठिकाणे’च्या पुढचा १ मी दाखवला. काळवंडलेलं, भाजलेलं बोट तिनं त्या आकड्याच्या खाली ठेवलं, आणि मग उचलून पुन्हा पाहिलं, बोटाखाली तो झाकला तर गेला नाही ना म्हणून.

“येवडासाच हाय?” ती म्हणाली.